ओल्या कुरणात गुरं चारणं, गवत कापणं बंद केलं तर पुढे काय होतं?

पहिली एक-दोन वर्षं काही विशेष वाटत नाही, नुसतं गवत उंच. खरी गंमत बुडाशी असते, कापलं नाही की जुनं गवत तिथंच आडवं पडून त्याची कुजकी गादी होते आणि तिच्याखाली बारक्या फुलझाडांच्या रोपांना ऊनच मिळत नाही, सगळ्यात आधी तीच गायब. मग लव्हाळा, पाणकणीस असली दांडगी मंडळी जागा बळकावतात. युरोपात पुढे विलो, अल्डर ही ओल्या जागेतली झाडं येऊन काही दशकांत चक्क दलदलीतलं जंगल होतं. पुण्यात मुळा-मुठेच्या काठचा वाळुंज हा विलोचाच भाऊ, पण आपल्याकडे सांडपाणी एवढं की पाणकणीस आणि बेशरम नावाचं झुडूपच माजतात. आणि हो, पाणकणीस एकदा दाट झालं ना की झाडाचं रोप वर्षानुवर्षं आत शिरत नाही.