माऊस कोणाच्या हातात होता?

प्रश्न : माझी मुलगी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात संगणकावर कंपनी चालवायचा खेळ झाला. तीन मुलं आणि ही. आठ संघांत हे सातवे आले. ती प्रेझेंटेशन करायची, आकडे मुलं बघायची. आता म्हणते, 'धंदा हे माझं काम नाही.' बँक परीक्षांच्या क्लासला घालू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, क्लासची फी भरायची घाई करू नका. उत्तर तुमच्याच पत्रात आहे : 'आकडे मुलं बघायची.'

या खेळात दर फेरीला किंमत, उत्पादन आणि कर्ज ठरवायचं असतं, नफा-तोटा त्यावरच. गोदामात पडून राहिलेला माल सुबक स्लाइडने खपत नाही. लेक खेळात हरली असं मी म्हणणार नाही. ती खेळलीच कुठे? (कर्ज उचलायचं कोणी ठरवलं, तेही सहज विचारून बघा.)

मुली अशा वेळी मागे का सरतात? म्युरिएल नीडर्ले आणि लीझ व्हेस्टरलुंड या अर्थतज्ज्ञांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काम बेरजांचं. दर बरोबर बेरजेला ठरावीक पैसे घ्या, नाहीतर चौघांत पहिले आलात तर चौपट, नाही आलात तर शून्य. बरोबर बेरजा स्त्री-पुरुष दोघांच्या सारख्याच. तरी स्पर्धा निवडली 73 टक्के पुरुषांनी आणि 35 टक्के स्त्रियांनी. बेरजांत पक्क्या बायका मागे राहिल्या, कच्चे पुरुष बिनधास्त उतरले! हे जन्मजातच असतं म्हणावं, तर मेघालयातल्या मातृवंशीय खासी समाजात चेंडू बादलीत टाकायचा असाच प्रयोग झाला, तेव्हा स्पर्धा निवडण्यात बायका पुरुषांच्या पुढे होत्या.

म्हणून तिने सरांना गाठून आणखी एक डाव मागावा. या वेळी दर फेरीला कामं बदलायची आणि पहिल्या फेरीत पैशाचं खातं तिच्याकडे. डाव पुन्हा बुडाला तरी हरकत नाही. कुठल्या निर्णयाने बुडाला, हे तरी तिला सांगता येईल.

बँकेची नोकरी वाईट नाही. तिला मनापासून हवी असेल तर खुशाल घाला क्लासला. सातव्या नंबरच्या धसक्याने मात्र नको. तोवर दिवाळीत तिला दोन हजार रुपये द्या, उटणं, पणत्या, काय विकायचं ते तिचं तिला ठरवू द्या. वही तिनेच लिहायची. बाबांनी 'आण, मी बघतो' म्हटलं, तर त्यांना चहा करायला पाठवा.