ऑइल टपकतंय खरं, पण येतंय कुठून?

प्रश्न: माझी 2009 ची डिझेल पिकअप आहे, टोमॅटोच्या सीझनला नारायणगाव मार्केटला रोज खेप असते, कधी माळशेज उतरून कल्याणलापण जाते. रात्री उभी केली की सकाळी खाली रुपयाएवढे दोन-तीन डाग. मेकॅनिक म्हणतो क्रँकचं मागचं सील (इंजिन नि गिअरबॉक्सच्या मधलं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आत्ता गाडी उभी ठेवणं परवडत नाही. ऑइल टाकत टाकत चालवू का? आणि लीकेज बंद करायचं लिक्विड मिळतं ते टाकू का?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर: दादा, गिअरबॉक्सची घाई नको. बरेचदा ऑइल वरून निघतं, त्यात गाडी पळताना हवेनं मागे मागे सरकतं, त्यामुळे गळत असतं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग आणि थेंब पडतो बरोबर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, मग बिल मागच्या सीलच्या नावावर फाटतं. इंजिन थंड असताना डिग्रीझर नि ब्रशनं घासून पुसून कोरडं करा, एक खेप मारून या आणि टॉर्चनं बघा, ओलं सगळ्यात वर जिथे दिसेल तिथूनच येतंय. टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं रबर, ड्रेन नटचा वायसर, आधी एवढं तपासा, यातलं काही निघालं तर स्वस्तात सुटलात. फक्त टॅपेट कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नका, कव्हर वाकतं आणि गळती अजून वाढते.

आणि ब्रीदर पाइप! तो कोणी बघतच नाही. तो चोंदला की इंजिनच्या आतला गॅस कोंडतो आणि मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, अशात नवं सील टाकलं तरी परत तेच रडगाणं. पाइप साफ करून बघा, त्यानंतरही त्यातून भसाभसा धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस खाली इंजिनच्या पोटात उतरतोय, बहुतेक पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तिथे सील बदलून काही होत नाही.

लिक्विडनं कडक झालेलं रबर थोडं मऊ होतं, फुगतं, म्हणून काही दिवस गळती कमी वाटते. फाटलेल्या पॅकिंगला त्याचा उपयोग शून्य. सीझन काढायला एकदा टाकलंत तर माझी हरकत नाही, सवय लावू नका.

एवढ्याशा डागांवर गाडी चालेल, पण रोज सकाळी स्टार्ट करायच्या आधी सपाट जागेवर ऑइलची काठी (डिपस्टिक) बघायची, आणि तिच्यावरच्या मॅक्सच्या खुणेच्या वर ऑइल भरायचं नाही. सायलेन्सरवर थेंब पडून जळका वास येत असेल तर मात्र दुरुस्ती पुढे ढकलू नका, आग लागू शकते. प्रेशरचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद. आणि परतताना घाट चढताना इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही असं झालं, तर क्लच प्लेटला ऑइल लागलेलं असू शकतं, तेव्हा तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं धरायचं. नाहीतर पुढेमागे क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरेलच, तेव्हा मागचं सीलही त्याच मजुरीत बदलून घ्या.