गॅरेजची खोली करताना भिंतीतली वायर कशी जपावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गुहागरजवळच्या घराला लागून असलेल्या चिऱ्याच्या गॅरेजची आई-वडिलांसाठी खोली करायची आहे. आतून जिप्समची भिंत आणि एसी बसवायचा आहे. जिप्सममागे पोकळी राहणारच, तर वायर पाईप न घालता तशीच सोडली तर चालेल का? आणि अमेरिकन व्हिडिओत वायरीपुढे पोलादी पट्ट्या ठोकतात, तशा इथेही ठोकाव्यात का?

पाईपशिवाय चालणार नाही. पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे. तिकडे भिंत म्हणजे उभे लाकडी सोट, त्यांना भोकं पाडून वायर ओवलेली. भोक सोटाच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत आलं तर बाहेरून मारलेला स्क्रू वायरीपर्यंत पोचतो, म्हणून तेवढ्या जागी साधारण १.६ मिलिमीटर जाडीची पट्टी. तुमच्याकडे जिप्सममागे सोट नसून जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची चौकट येणार. तिथे स्क्रूच्या आधी चौकटीचीच भीती, कारण पत्र्याची कापलेली कड कोयतीसारखी असते. उघडी वायर त्यावरून ओढली की ओढतानाच सोलली जाते.

मी तळकोकणात वीसेक वर्षं वायरमनचं काम करतोय. जिप्सममागे सोडलेल्या वायरी उंदरांनी किती ठिकाणी कुरतडलेल्या पाहिल्या, त्याची मोजदाद ठेवली नाही. आगोट आली की बाहेरचे उंदीर कोरडी जागा शोधत आत शिरतात आणि ती पोकळी म्हणजे त्यांना बांधून दिलेली चाळच. खोली थंड राहावी म्हणून कुणी पोकळीत थर्मोकोल भरायला सांगेल. भरा हवं तर, पण तो पीव्हीसी वायरीला टेकू देऊ नका. वायरीच्या आवरणाला मऊ ठेवणारं द्रव्य थर्मोकोल शोषून घेतो, आवरण कडक होऊन तडकायला लागतं. शिवाय चहूबाजूंनी झाकलेली वायर तापली तर गार व्हायला तिला वाव राहत नाही.

माझं मत विचाराल तर बाहेरच्या भिंतीला, त्यातून ती पश्चिमेची असेल तर, जिप्सम लावूच नका. एका चिऱ्याची नऊ इंची भिंत पावसाळ्यात पाणी पिते, आणि जिप्सम ती ओल चार वर्षं लपवून ठेवतो. त्यापेक्षा चिऱ्यात झिरी (खाच) काढून पाईप गाडा आणि सिमेंटचा गिलावा करा. झिरी कटरने दोन्ही कडा कापून मगच छिन्नीने उकरा. नुसत्या घणाने सुरुवात केली तर चिऱ्याचे पोपडे निघतात आणि एक इंचाच्या झिरीचं भगदाड होतं. आडव्या लांब झिऱ्या टाळा, भिंत कमकुवत होते. पाईप आयएसआयचा, मीडियम किंवा हेवी, २० किंवा २५ मिलिमीटरचा. तो इतका आत बसवा की वरून निदान १५ मिलिमीटर गिलावा येईल. झिरीवर कोंबडीजाळी मारा, नाहीतर दुसऱ्याच वर्षी पाईपच्या रेषेत तडा दिसतो. वळणाला काटकोनी एल्बो नको, लांब बेंड वापरा. दहा वर्षांनी वायर खेचून नवी घालता आली नाही तर पाईप घालून काय मिळवलं?

आता खिळ्याचं. स्विचबोर्डातून पाईप सरळ वर किंवा सरळ खाली जावा, नाहीतर बोर्डाच्याच उंचीवर आडवा. तिरका कधीच नको. इंग्लंडमध्ये तर नियमच आहे: ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवरची वायर बोर्डाच्या अशा सरळ रेषेतच हवी आणि वर तिला ३० मिलिअँपचं संरक्षणही हवं, नाहीतर तिला अर्थ केलेलं धातूचं कवच द्या. मला याचं महत्त्व मालवण तालुक्यातल्या एका घरात कळलं. आधीच्या कारागिराने पाच-सहा फूट पाईप वाचवायला पंख्याची लाईन तिरकी नेली होती. चतुर्थीला माटवी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधायला घरातल्या मुलाने चार इंची खिळा ठोकला, तो नेमका फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीत. काहीच झालं नाही. खिळा न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला लागलाच नव्हता, मग चिनीमातीचा जुना फ्यूज उडेल कशाला? गणपती गेले, खिळा राहिला. पुढच्या जूनमध्ये कपडे वाळत घालायला त्याच खिळ्याला तार बांधली आणि ओला टॉवेल टाकताना काकींना झटका बसला. त्या मागच्या पलंगावर फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या.

म्हणून ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच, आणि अर्थिंगही नीट तपासून घ्या. एमसीबी जास्त करंट किंवा शॉर्टसर्किट ओळखतो, माणसातून जमिनीत जाणारा करंट त्याला कळत नाही. मात्र आरसीसीबी लावला म्हणून एमसीबी वगळू नका. गॅरेजमधल्या जुन्या ट्यूबलाइटच्या लाईनवर तर काहीच चढवू नका. घराच्या डीबीतून (एमसीबी असतात त्या मुख्य पेटीतून) वेगळी लाईन आणा. एसीला ४ चौरस मिलिमीटर, १६ अँपच्या सॉकेटला अडीच, दिव्या-पंख्याला दीड, सगळी तांब्याची. एसीमुळे लोड वाढणार, ते महावितरणकडे मंजूर करून घ्या.

गॅरेजची जमीन घरापेक्षा खाली असते, त्यामुळे लाईन जमिनीतून न आणता वरून आणा. बाहेरून आत येणारा पाईप भिंतीत शिरण्याआधी खाली वळसा घेऊन मग वर चढवा, म्हणजे पाणी वळशातूनच गळून जातं. नाहीतर ते पाईपातून थेट स्विचबोर्डात उतरतं. सॉकेट जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा. खाऱ्या हवेत लोखंडी बॉक्स गंजतात, तेव्हा पीव्हीसीचे घ्या, आणि पाईपांची तोंडं बंद करा, मुंग्या त्यातूनच येऊन स्विचात घर करतात.

गिलाव्याआधी आणि नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणातून करंट गळतो का ते मोजणाऱ्या यंत्राने) वायरी तपासून घ्या. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर रंगाऱ्याला बोलावू नका. आणि गवंडी येण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून पाईपांचे फोटो काढा. त्याच्या प्रिंट डीबीच्या दाराला आतून चिकटवा. मोबाईलमधले फोटो तुमच्याबरोबर मुंबईला जातील, खिळा ठोकणारा गावातच असेल.

वर स्लॅब आहे की पत्रा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पत्रा असेल तर वरून येणारा पाईप त्याला टेकवू नका, पत्रा उन्हाने तापतो आणि थंडीत पहाटे त्याला घाम सुटतो. वीतभर खाली, वाशाच्या बाजूने न्या.