सहीपुरतं लायसन्स घेऊ का?

प्रश्न : काका, नमस्कार. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालोय, वायरमन परमिट आहे. सात वर्षं एका कंत्राटदाराच्या हाताखाली घरांचं वायरिंग करतोय. आता लोक थेट मलाच बोलावतात, महाराष्ट्रातल्या चंदगडकडूनही. ओळखीचे एक लायसन्सवाले म्हणतात, काम तू कर, कंप्लिशन रिपोर्टवर (वायरिंग पुरं आणि ठीक झाल्याच्या कागदावर) सही मी देतो, सहीमागं पैसे दे. असं करू का?

उत्तर : नको करू. तशी सही मी स्वतः एकदा दिलेली आहे, म्हणून सांगतो.

नंदगडच्या बाजूचं घर होतं. काम एका ओळखीच्या पोरानं केलेलं. मी बेळगावात बसून सही केली, मेगर (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) पेटीतून काढलासुद्धा नाही. मृगाचा पाऊस लागला आणि आठ दिवसांत त्या घरच्या वहिनींना न्हाणीत गीझरच्या नळाचा शॉक बसला. वाचल्या. मी धावत गेलो. बघतो तर अर्थिंगचा पाईप भिंतीला चिकटून, हातभर खोल. खाली जांभा लागला म्हणून तिथंच सोडलेला. पाईप अडीच मीटरचा आणि भिंतीपासून दीड मीटर लांब हवा. गीझरच्या लाईनीला ५०० व्होल्टचा मेगर लावला तर काटा शून्यापाशीच. तिथं किमान एक मेगओहम यायला हवा. रिपोर्टवर मात्र सगळं ठीक होतं आणि खाली माझी सही. माझ्या खर्चानं भिंत फोडून लाईन नव्यानं ओढली, अर्थिंग नवं केलं. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मान वर करवली नाही.

आता तुझे कागद. वायरमन परमिट म्हणजे हातानं काम करायची परवानगी, स्वतःच्या नावावर काम घ्यायची नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत (२०१० चे जाऊन २०२३ मध्ये नवे आले, पण हा मुद्दा तोच राहिला) तीन माणसं सांगितलीत: काम घेणारा लायसन्सदार कंत्राटदार, देखरेख करणारा सुपरवायझर, आणि परमिटवाला वायरमन. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यातून सुटतं. नवं घर सुटत नाही.

म्हणून लायसन्सला अर्ज करायचा तर आधी सुपरवायझरची सोय बघ. स्वतः ते परमिट मिळव, नाहीतर परमिट असलेला माणूस खरोखर कामावर ठेव. नावापुरता ठेवलास तर तीच भाड्याची सही झाली. मेगर आणि अर्थ टेस्टर स्वतःचे घे. आणि सध्याच्या कंत्राटदाराकडून सात वर्षांच्या अनुभवाचा दाखला तारखांसकट आजच मागून घे. तू वेगळा धंदा काढतोयस हे कळल्यावर काही मालक दाखला द्यायला टाळाटाळ करतात, हे मी पुष्कळदा बघितलंय.

आपली बरीच पोरं यासाठी हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीज कंपनीच्या, ऑफिसात खेटे घालतात. हेस्कॉम कनेक्शन देते, लायसन्स नाही. ते काम विद्युत निरीक्षकांच्या खात्याचं. कन्नड पाटीवर ‘विद्युत् परिवीक्षणालय’ असं वाचायचं. कन्नड वाचायला अडत असेल तर फॉर्म भरताना वाचणारा मित्र शेजारी बसव, अंदाजानं रकाने भरू नकोस.

चंदगडचं वेगळं आहे. शिनोळीची हद्द ओलांडली की नियम तेच, पण लायसन्स देणारं सरकार बदलतं. तिकडच्या कागदांवर वायरमनला ‘तारतंत्री’ म्हणतात आणि परवाने महाराष्ट्राचं अनुज्ञापक मंडळ देतं. कर्नाटकाच्या लायसन्सवर तिथलं काम अंगावर घेऊ नकोस. सध्या तिकडून कुणी बोलावलं तर चंदगडच्याच एखाद्या लायसन्सदाराचं नाव त्यांना दे आणि आधी इकडचा अर्ज पुरा कर.