सुरांच्या शंका

प्रश्न : इटलीचे वाद्यवृंद-संचालक टोस्कॅनिनी म्हणे समोर स्वरलिपीचं पुस्तक न ठेवता अख्खा ऑपेरा (पाश्चात्त्य संगीतनाटक) चालवायचे. हे खरं, की नुसती मिजास? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मिजास कसली, नाइलाज! आर्तुरो टोस्कॅनिनींची नजर अधू. स्टँडवरचं दिसायचं नाही, म्हणून सगळं पाठ. मी तीस वर्षं फिल्मी रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलं. एकदा चष्मा घरी राहिला, तेव्हा शेजाऱ्याच्या गजाकडे बघत कसंबसं निभावलं. आणि तेही एकच गाणं! या गृहस्थांना प्रत्येक वाद्याची ओळ तोंडपाठ.

पार्मा गावच्या शिंप्याचा हा मुलगा, जन्म १८६७चा. शिकला चेलो, म्हणजे व्हायोलिनचा बसून वाजवायचा थोरला भाऊ. १८८६ साली एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर चेलो वाजवायलाच रिओ द जानेरोला गेला. ३० जूनला इटलीचा थोर संगीतकार व्हेर्दी याचा ‘आयडा’ हा ऑपेरा होता. मूळ संचालक कंपनी सोडून गेलेला आणि बदली उभ्या राहिलेल्याला लोकांनी हुर्यो करून पळवलं. मग वादकांनी या १९ वर्षांच्या पोराला पुढे ढकललं, कारण त्याला सगळा ऑपेरा येतो हे त्यांना ठाऊक होतं. पोराने तो पुस्तकाशिवाय तडीस नेला.

मला त्याहून आवडतं ते पुढचं. एवढं नाव झाल्यावरही पुढच्या वर्षी, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात व्हेर्दीच्याच ‘ओथेल्लो’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा हे चेलोवाल्यांत बसून वाजवत होते. व्हेर्दी तालमी कशा घेतो ते बघायचं होतं ना!

नंतरची कीर्ती तुम्हाला माहीत असणार : ला स्काला, न्यूयॉर्क, आणि १९३७पासून एनबीसी या अमेरिकी रेडिओ कंपनीने खास त्यांच्यासाठी उभा केलेला वाद्यवृंद. स्वभाव जमदग्नीचा; तालमीत संचालनाच्या काठ्या मोडायचे. पण मोडेन पण वाकणार नाही हा बाणा तालमीबाहेरही होता. १९३१ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात कार्यक्रमाआधी फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार दिला, म्हणून थिएटरच्या दारात मुसोलिनीच्या माणसांनी चौसष्ट वर्षांच्या या म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारली. गीत वाजलं नाही ते नाहीच.

आणि ज्या स्मरणशक्तीवर सगळं उभं, तीच शेवटी हुकली. ४ एप्रिल १९५४, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, सगळा कार्यक्रम जर्मन संगीतकार वाग्नरचा, वय ८७. त्याच्या ‘टानहॉयझर’ ऑपेरातलं संगीत चालू असताना मधेच हात अडखळले. रेडिओवाल्यांनी घाबरून थेट प्रक्षेपण तोडलं आणि ब्राम्स या दुसऱ्याच संगीतकाराची रेकॉर्ड लावली. इकडे मंचावर प्रमुख चेलोवादक फ्रँक मिलर बसल्या जागेवरून इतरांना खुणा देत होता. रिओत चेलोवाल्यानेच वेळ सावरली होती, इथेही चेलोवालाच! आम्ही व्हायोलिनवाले मात्र पुढच्या खुर्च्यांचा तोरा मिरवतो. त्यानंतर टोस्कॅनिनींनी पुन्हा कार्यक्रम केला नाही. १९५७च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये गेले.

प्रश्न : संचालक नसला तर वाद्यवृंद वाजणारच नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाजतो की. टोस्कॅनिनी निवृत्त झाल्यावर एनबीसीने त्यांचा वाद्यवृंद मोडीत काढला. वादकांनी ‘सिम्फनी ऑफ द एअर’ नावाने पुन्हा जम बसवला, आणि १९५४च्याच ऑक्टोबरात कार्नेगी हॉलमध्ये संचालकाची जागा रिकामी ठेवून आख्खा कार्यक्रम वाजवला.