आमदारांचा कार्यअहवाल घरी आला आहे. त्यातली कोट्यवधींची कामं खरी की खोटी, हे सामान्य माणसानं कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की पुस्तिकेत शेकडो कोटींची कामं छापली आहेत आणि तुमच्या वाडीचा रस्ता मात्र होता तसाच आहे, मग हे आकडे खोटे समजायचे का?

बहुतेक वेळा आकडे खोटे नसतात. काम कोणत्या टप्प्यावर अडलंय आणि पैसा कोणाचा आहे, एवढंच छापायचं राहिलेलं असतं. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात मी बरीच वर्षं वार्ताहर म्हणून काम करतो, असे अहवाल सगळ्याच पक्षांचे वाचत आलोय, म्हणून खात्रीनं सांगतो.

आधी पैशाचं बघू. आमदारांच्या शिफारशीनं खर्च होणारा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. मार्च २०२२ मध्ये तो ४ वरून ५ कोटी झाला. म्हणजे पाच वर्षांचे २५ कोटी. तोही त्यांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुस्तिकेतले बाकीचे कोटी दुसरीकडून आलेले असतात. गावातले सिमेंट रस्ते, गटारं बहुधा ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून, होतात, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडून. नळपाणी योजना जलजीवन मिशनमधली असेल तर निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. लाडकी बहीण तर साऱ्या राज्यासाठी आहे, ती कोणा एका मतदारसंघाला मिळालेली नाही. आमदारांनी गावोगाव शिबिरं घेऊन बायकांचे अर्ज भरून घेतले असतील तर ते त्यांचं काम खरंच, आणि तेवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पाठपुराव्यालाही मी कमी लेखत नाही. मंत्रालयात फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला माणूस मागे लागावा लागतो.

आता टप्पे. तुमच्या रस्त्याचं उत्तर बहुधा इथंच सापडेल. एखादं काम अर्थसंकल्पात आलं म्हणजे लगेच खडी पडत नाही. कामाची अंदाजित किंमत ६ कोटी आणि त्या वर्षीची तरतूद काही लाखांची, असंही असतं. पुस्तिकेत मात्र ६ कोटीच छापून येतात. पुढे प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला होकार), मग तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला), मग निविदा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी हुकूम. कार्यारंभ आदेश निघाला की ठेकेदार आणि मुदत दोन्ही ठरतात, तिथून पुढे जाब विचारता येतो. त्याच्या आधीच्या कामाला मी ‘केलेलं काम’ म्हणणार नाही, मग भूमिपूजनाचा फोटो केवढाही मोठा असो.

आमच्या तालुक्याला हे नीट ठाऊक आहे. जतच्या पूर्व भागातली ६५ गावं कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या मूळ म्हैसाळ योजनेच्या बाहेर राहिली. पाण्यावाचून कंटाळलेल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या ठरावांचा हवाला देऊन जतमधली ४० गावं कर्नाटकात घेण्याचा विषय काढला, तेव्हा कुठे विस्तारित म्हैसाळ योजनेच्या सुमारे २ हजार कोटींच्या कामाला वेग आला. एवढ्या मोठ्या उपसा योजनेत मंजुरीपासून शेतात पाणी पोहोचेपर्यंत वर्षं जाणार, हे आम्हालाही कळतं. पंपगृह, जलवाहिन्या, वीज, वितरण, सगळं उभं राहावं लागतं. म्हणून तर आमदार कोणत्याही पक्षाचे असोत, किती कोटी मंजूर झाले यापेक्षा जलवाहिनी कोणत्या गावापर्यंत आली ते त्यांनी लिहावं, असं माझं ठाम मत आहे. शेतकरी त्यावरून बाग धरायची की नाही ते ठरवतो.

आणि पुस्तिकेत एक पान जरूर शोधा : विधानसभेत काय केलं? रस्ता, गटार ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदही करू शकतात. सभागृहात उभं राहून मंत्र्याला प्रश्न विचारणं आपल्या वतीनं आमदारच करू शकतात. वर्षातून तीन अधिवेशनं होतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. किती तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) विचारले, नियम १०५ खाली कोणती लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, लागली, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे तिथं असायला हवं. तारांकित प्रश्न वेळेअभावी पुकारला गेला नाही तरी त्याचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर, म्हणजे नोंदीत, येतं, त्यामुळे ‘चर्चाच झाली नाही’ ही सबब पुरत नाही. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं असेल तर त्यावर लक्ष ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. असा अहवाल काढण्याचं कायद्यानं आमदारांवर बंधन नाही. तरीही जे आमदार हे पान मनापासून भरतात त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

तपासायचं कसं? पुस्तिकेत शासन निर्णयाची तारीख असेल तर शासनाच्या संकेतस्थळावर तो निर्णय काढा. सोबतच्या यादीत गावाचं नाव, काम आणि रक्कम असते. आमदार निधीची कामं जिल्हा नियोजन कार्यालयात कळतील. तुमच्या रस्त्यासाठी मात्र सरळ माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘मतदारसंघातील सर्व कामं’ असं मागू नका, पहिल्याच विषयापुरतं उत्तर देऊन बाकीसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतात. एकच रस्ता घ्या, कुठून कुठपर्यंत ते लिहा, आणि प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, आजवर दिलेली बिलं यांच्या प्रती मागा. काम सुरू झालेलं असेल तर जागेवर पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क याच कायद्यात आहे. त्यासाठी वेगळा अर्ज करा आणि जाताना वाडीतली चार माणसं बरोबर न्या.