‘कौल’ कोण कोणाला देतो?

पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७५ रोजी झालेल्या निवडणुकीविषयी ‘जनतेने समाजवादी पक्षाला स्पष्ट कौल दिला’ असे वाक्य वाचून एका वाचकाने विचारले आहे की, येथे ‘कौल’ योग्य की ‘जनादेश’.

‘जनादेश’ नकोच. त्यात नुसता आदेश आहे, विचारणा कोठेच नाही. आणि ‘कौल’ अरबी आहे म्हणून तो टाळा, असे सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी ‘वकील’ आणि ‘अर्ज’ टाळून दाखवावेत.

छपराच्या कौलाशी या शब्दाचा संबंध नाही. अरबी ‘कौल’ म्हणजे उच्चार, दिलेला शब्द. कव्वाली त्याच कुळातली. मराठेशाहीत ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला सवलतीच्या साऱ्याचे आश्वासन लिहून मिळे, तो कौलनामा. वृत्तपत्रांतल्या कौलाचे मूळ या कागदात शोधणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, मतदार उमेदवाराला साऱ्याची कोणती सूट देतो? माझ्या मते ते मूळ कोकणातल्या देवळात आहे. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालून प्रश्न मांडतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असे मानतात. देवाने न बोलता दिलेला हा शब्द, आणि मतपेटीही बोलत नाहीच. पोर्तुगालमधल्या १९७४ च्या ज्या लष्करी क्रांतीत सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोचली गेली, तिच्या पहिल्या वर्षदिनी झालेल्या मतदानाला फुलांतून आलेला हा शब्द किती शोभतो! (त्याच क्रांतीनंतर, डिसेंबर १९७४ च्या करारात, पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.)

खटकते ते ‘स्पष्ट’. मतदान ९१ टक्क्यांहून अधिक झाले हे खरे, पण समाजवाद्यांना सुमारे ३८ टक्के मते आणि २५० पैकी ११६ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला दहा कमी. शिवाय ही निवडणूक संविधान सभेची होती. राज्य कोणी करावे हा प्रश्न मतदारांपुढे ठेवलेलाच नव्हता, तो एक वर्षाने, २५ एप्रिल १९७६ रोजी ठेवला गेला. उलट ‘स्पष्ट’ म्हणायचेच तर दुसऱ्या एका उत्तराला म्हणता येईल: सत्ता उलथवणाऱ्या लष्करी चळवळीतल्या काहींनी, निर्णय होत नसेल तर कोरी मतपत्रिका टाका, असे सुचवले होते, आणि कोरी व बाद मते मिळून सातेक टक्केच निघाली. तेव्हा ‘कौल’ राहू द्यावा, आणि ‘स्पष्ट’ खोडून पुढे ‘संविधान सभेसाठी’ एवढे जोडावे.